पाकट

(द्वितीय वर्ष, कला)

आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच. त्यामुळे जे नवे पाहावे ते घरी सांगावे लागते. सहलीत रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर मी प्रथमच पाकट पाहिले. खंडाळ्याला परतल्यावर आईला त्याचे वर्णन केले : बैलगाडीच्या चाकाएवढे रुंद, चपटे अंग, पाठीवर बिबट्यासारखे ठिपके, चाबकासारखी शेपटी आणि तिच्यावर विषारी काटा. आई म्हणाली, “एवढा इखारी काटा, मग गावलं कसं रं?”

तिच्या प्रश्नासाठी मी ग्रंथालय गाठले.

पाकट हे मुशीचे भाऊबंद. दोघांच्याही अंगात हाडे नसून कूर्चा असते. ठिपक्यांच्या या मोठ्या पाकटांना शास्त्रज्ञ ‘हिमांतुरा’ म्हणतात. हिंदी महासागराच्या उष्ण किनाऱ्यालगत, खाडीच्या मुखाशी, उथळ वाळूत वा चिखलात त्यांचा मुक्काम. खेकडे, कोळंबी, लहान मासे हे त्यांचे अन्न. तोंड आणि कल्ले पोटाकडे. मग वाळूत पुरून घेतल्यावर श्वास कसा घ्यायचा? त्यासाठी डोळ्यांमागे दोन छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत जाते.

काटा हा खवल्याचाच बदललेला प्रकार, करवतीसारखे दाते असलेला. तो हल्ल्यासाठी नाही. वरून पाय पडला किंवा मुशीने धरले तरच शेपटी उसळते. म्हणून उथळ पाण्यात पाय घासत चालावे, म्हणजे पाकट आधीच निघून जाते.

मुशीपुढे चालणारा काटा जाळ्यापुढे मात्र निकामी ठरतो. तळ खरवडत येणारे ट्रॉलरचे जाळे वाळूत लपलेल्यालाही उचलते. सुरमई लाखो अंडी सोडते. पाकट उशिरा वयात येते आणि एका वेळी मोजकीच पिले देते. ती पोटात वाढतात, दुधासारख्या द्रवावर पोसतात. जाळ्यात सापडलेली गाभण मादी पुष्कळदा धसक्याने गाभडते. म्हणजे एक पाकट गेले की पुढची पिढीही गेली. यांतल्या काही जाती आज जगभरात संकटग्रस्त गणल्या जातात.

हे सारे मी आईला सांगितले. अंडी, कूर्चा यांत तिला रस नव्हता. ‘गाभडते’ म्हटल्यावर मात्र तिने गोठ्यातल्या म्हशीकडे पाहिले. म्हणाली, “मग गाभणी तेवढी सोडून द्यावी की रं पाण्यात.”

शाळेची पायरी न चढलेल्या माझ्या आईने जे एका वाक्यात सांगितले, त्यापलीकडे मला ग्रंथालयातही काही सापडले नाही.