पर्यवेक्षकाने मागे उभं राहावं

बारावीच्या पेपराला मुलं साडेदहाला ब्लॉकमध्ये येतात. कॉपी रोखण्याचं निम्मं काम अकराच्या आत उरकायचं असतं. दप्तरं, गाइडं, मोबाइल बाहेर. मोबाइल पर्यवेक्षकालाही चालत नाही. माझा मी आधीच जमा केलाय, हे मुलांना सांगते; मग त्यांचा मागताना आवाज चढवावा लागत नाही. स्मार्टवॉच मात्र बाहीखाली लपतं, म्हणून हॉलतिकीट पाहताना मनगटही पाहायचं.

पूर्वी प्रश्नपत्रिका दहा मिनिटं आधी मिळे. तेवढ्यात तिचे फोटो मोबाइलवर फिरू लागले, तेव्हा २०२३ मध्ये मंडळाने ती सवलत काढली आणि तेवढाच वेळ शेवटी वाढवून दिला. मला हा निर्णय पटतो.

पेपर सुरू झाला की मी मागच्या भिंतीशी उभी राहते. खुर्चीवर बसलेल्या बाईंवर नजर ठेवणं सोपं असतं. मागे उभ्या असलेल्या बाई कुठे आहेत, हे कळायला मान वळवावी लागते. आठवत नसलेला मुलगा पंख्याकडे बघतो, पेन चावतो. चिठ्ठीवाला आधी मला शोधतो. त्याचा एक हात बराच वेळ बाकाखाली असतो, आणि मग एकदम सलग, खाडाखोड न करता ओळी उतरू लागतात.

तरीही संशयावरून झडप घालायची नाही. बाकाशेजारी जाऊन नुसतं थांबलं तरी पुष्कळ हात वर येतात. चिठ्ठी दिसलीच तर हळू आवाजात, ‘बाळा, दे ती इकडे.’ पुढचं केंद्रसंचालक बघतात, जबाब लिहून घेतात. परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्धचा १९८२ चा कायदा आहे, मंडळाचे नियम आहेत. वर्गासमोर पाणउतारा करायला त्यात कुठेही सांगितलेलं नाही. शेजारच्या बाकांवरच्या मुलांचाही पेपर चालू असतो.

हाती आलेल्या मायक्रो झेरॉक्स मी नीट बघते. बहुतेकींवर व्याख्या, सूत्रं, ‘फरक स्पष्ट करा’ची उत्तरं. म्हणजे घोकून जे लिहायचं तेच. म्हणून घटक चाचणीला मी वेगळं करते: प्रत्येकाने स्वतःच्या हाताने लिहिलेलं एक पान उघड बाकावर ठेवायचं, आणि प्रश्न असे, की सूत्र समोर असलं तरी ते कुठे लावायचं हे ठरवावं लागेल. तपासायला दुप्पट वेळ जातो. पण मोठ्या वर्गातही हे जमतं, आणि पान लिहिता लिहिता पुष्कळांचा धडा वाचून होतो.