भावाचा अर्ज, पुतण्याचे वय

अमेरिकेच्या नागरिकाला आपल्या भावाला किंवा बहिणीला कायमच्या वास्तव्यासाठी बोलावून घेण्याचा हक्क तेथील स्थलांतर कायद्याने दिलेला आहे, आणि या हक्काखाली होणाऱ्या अर्जांच्या वर्गाला ‘कौटुंबिक चौथा पसंतीक्रम’, बोलण्यात ‘एफ-४’, असे म्हणतात. अर्जदार केवळ ग्रीनकार्डधारक, म्हणजे कायम वास्तव्याचा परवाना असलेला, असून भागत नाही. त्याने नागरिकत्व घेतलेले असावे लागते, त्याचे वय किमान २१ वर्षे असावे लागते आणि दोन्ही भावंडांची आई किंवा वडील यांपैकी एक तरी समान असावे लागते, त्यामुळे चुलत, मामे, मावस व आते भावंडे या तरतुदीच्या बाहेर राहतात. भंडारा जिल्ह्यात ज्या घरातील एक मुलगा नागपूरमार्गे परदेशी गेला आणि दुसरा धानाची शेती, तुमसरची राईस मिल, जवाहरनगरची आयुध निर्माणी किंवा जिल्हा परिषदेची शाळा यांत रमला, त्या घरात या ‘फाईल’चा विषय कधी ना कधी निघतोच. अर्ज भावाच्या नावाने होत असला तरी घरातल्यांची नजर बहुधा भावाच्या मुलांवर असते, आणि नेमक्या याच ठिकाणी कायद्याचा हिशेब व घराचा हिशेब यांची फारकत होते.

ही तरतूद भारतीयांसाठी केलेलीच नव्हती. १९४६च्या कायद्याने भारताला वर्षाकाठी अवघा १०० जणांचा वाटा मिळाला होता, आणि राष्ट्रवार वाट्यांची ती पद्धत ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी सही केलेल्या कायद्याने मोडीत काढली. त्या कायद्यात नातेसंबंधांना अग्रक्रम मिळावा यासाठी प्रतिनिधिगृहाच्या स्थलांतर उपसमितीचे अध्यक्ष मायकेल फीघन आग्रही होते, आणि त्यामागचा हिशेब असा होता की देशात आधीपासून असलेले लोक प्रामुख्याने युरोपीय वंशाचे असल्याने त्यांचे नातलगही युरोपीयच असतील. युरोपातील भावंडांना येण्याची निकड पुढे फारशी उरली नाही, आणि कौशल्याच्या आधारावर आलेल्या आशियाई डॉक्टर-अभियंत्यांनी नागरिक होताच आपापल्या भावंडांसाठी अर्ज केले. नागपूरचे १९४७ सालचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि १९६०चे विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय या दोन संस्थांनी पूर्व विदर्भातील मुलांना याच काळात ती वाट खुली केली होती. कायदे करणाऱ्यांचे अंदाज इतक्या पूर्णपणे उलटल्याची उदाहरणे थोडीच असतील.

पुढे १९९०च्या कायद्याने या वर्गाची वार्षिक मर्यादा ६५,००० व्हिसांची ठरवली. या आकड्यात केवळ भावंडे नव्हे तर त्यांचे पती किंवा पत्नी आणि २१ वर्षांखालील अविवाहित मुलेही मोजली जातात, म्हणजे चौघांचे कुटुंब चार व्हिसा वापरते. त्यावर कोणत्याही एका देशाला ७ टक्क्यांहून अधिक वाटा न देण्याचे बंधन असल्यामुळे ढोबळ हिशेबाने भारताच्या वाट्याला वर्षाला साडेचार हजारांच्या आसपास व्हिसा, म्हणजे अकराशे-बाराशे कुटुंबे येतात, आणि ती संपूर्ण भारतातून. अर्ज ज्या दिवशी दाखल होतो त्या तारखेला ‘प्राधान्य दिनांक’ म्हणतात, तर कोणत्या प्राधान्य दिनांकापर्यंत रांग सरकली हे अमेरिकेचे परराष्ट्र खाते दर महिन्याच्या ‘व्हिसा बुलेटिन’मध्ये जाहीर करते. २०२५मध्ये भारतीय भावंडांची रांग २००६ साली दाखल झालेल्या अर्जांपाशी होती. मेक्सिकोची तर २००१पाशी. जगभरात या वर्गात २० लाखांहून अधिक लोक नंबर लागण्याची वाट पाहत आहेत, आणि या संख्येला ६५,०००ने भागले तर आज रांगेच्या टोकाशी उभ्या राहणाऱ्याच्या वाट्याला काय येईल, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

अर्जाचा मूळ नमुना ‘आय-१३०’ या नावाने ओळखला जातो, आणि तो भरणे सोपे असले तरी त्यासोबत नात्याचा पुरावा जोडणे भंडाऱ्यासारख्या जिल्ह्यात सोपे नसते. दोन्ही भावंडांच्या जन्मदाखल्यांवर आईवडिलांची तीच नावे तशीच दिसावीत एवढीच अपेक्षा असते, परंतु जन्म-मृत्यू नोंदणीचा देशव्यापी कायदा १९६९चा आहे आणि आज पन्नाशी ओलांडलेल्या अनेकांचा जन्म त्याआधीचा आहे. जुन्या मध्यप्रांतात गावातील जन्माची वर्दी कोतवाल पोलीस ठाण्यात देत असे आणि त्या नोंदींची ‘कोतवाल पंजी’ तयार होत असे. जातपडताळणीसाठी तिची नक्कल काढताना पूर्व विदर्भातील हजारो कुटुंबांनी तहसील कार्यालयातील अभिलेख कक्षाच्या पायऱ्या झिजवल्या आहेत. या पंजीत बहुधा ‘अमुक यास मुलगा झाला’ एवढेच लिहिलेले असते, कारण वर्दीच्या दिवशी बाळाचे बारसेच झालेले नसते, आणि आईचे नाव तर अनेकदा नसतेच. ज्या कागदाने जात सिद्ध होऊ शकते त्याच कागदाने दोन माणसे सख्खे भाऊ असल्याचे सिद्ध करणे त्यामुळे अवघड जाते.

जन्मदाखला मिळत नसेल तर ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून ‘नोंद आढळत नाही’ असा दाखला घेऊन त्यासोबत दुय्यम पुरावे जोडता येतात. शाळा सोडल्याचा दाखला, शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरचा उतारा आणि वडीलधाऱ्या नातलगांची प्रतिज्ञापत्रे हे त्यांतील नेहमीचे. शाळेच्या दाखल्याची एक निराळीच गोष्ट आहे. मुलाला पहिलीत घालताना गुरुजींनी वयाचा अंदाज घेऊन जून-जुलैमधील एखादी तारीख लिहून टाकण्याची पद्धत गावोगावी होती, आणि अशा अंदाजाने लिहिलेल्या दोन भावांच्या जन्मतारखांत कधी सहा-सात महिन्यांचेच अंतर निघाले तर एकाच आईची ही दोन मुले कशी, असा प्रश्न परदेशी अधिकाऱ्याने विचारणे अगदीच वाजवी ठरते. पुरावे अपुरे वाटल्यास डीएनए चाचणी सुचवली जाऊ शकते. अर्जदार बहीण असेल तर लग्नाने बदललेल्या नावामुळे माहेरचे नाव आणि नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावरील नाव यांचा सांधा विवाह प्रमाणपत्राने जोडावा लागतो. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्याने तिरोडा किंवा आमगावला जन्मलेल्या व्यक्तीच्या जुन्या कागदांवर एक जिल्हा आणि नव्या कागदांवर दुसरा, हाही गोंधळ होतो. तो निस्तरता येतो, मात्र खुलासा सोबत असलेला बरा.

आता मुलांच्या वयाकडे वळावे लागते, कारण रांगेच्या लांबीची खरी किंमत तेथे मोजली जाते. अर्जानंतर भावाचे लग्न झाले किंवा मुले झाली तरी ती आपोआप त्याच अर्जात सामावली जातात, परंतु नंबर लागेपर्यंत मूल २१ वर्षांचे झाले किंवा त्याचे लग्न झाले की ते त्यातून गळते. या कठोरपणावर उतारा म्हणून २००२ साली ‘बाल दर्जा संरक्षण कायदा’ झाला. त्यानुसार नंबर लागला त्या दिवशीच्या वयातून, मूळ अर्ज मंजुरीसाठी जितका काळ स्थलांतर खात्याकडे पडून होता तितका काळ वजा करायचा, आणि उरलेले वय २१च्या आत आले तर मुलाला पात्र धरायचे, अट एवढीच की त्याने वर्षभरात पुढची पावले उचलावीत. समजा, जून २००२मध्ये जन्मलेल्या मुलाच्या काकांनी जून २००६मध्ये अर्ज केला आणि २०२५ साली नंबर लागला, तेव्हा मुलगा २३ वर्षांचा आहे. खात्याने अर्ज पाच वर्षांनी मंजूर केला असेल तर मुलाचे कायदेशीर वय १८ ठरते आणि तो आईवडिलांबरोबर जातो. तोच अर्ज सहा महिन्यांत तत्परतेने मंजूर झाला असेल तर वय साडेबावीस ठरते आणि तो मागे राहतो. सरकारी दिरंगाई ज्याच्या पथ्यावर पडते आणि कार्यक्षमता ज्याला भोवते, असा हा विचित्र नियम आहे. गळलेल्या मुलांना निदान आईवडिलांचा जुना प्राधान्य दिनांक तरी मिळावा ही मागणी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली फेटाळली. परिणामी ज्यांच्या शिक्षणासाठी अर्ज केला ती मुले मागे आणि पन्नाशी-साठीतले आईवडील पुढे, अशी फाटाफूट पुष्कळदा होते. तिकडे जाऊन आईवडिलांनी ग्रीनकार्डधारक म्हणून मुलासाठी नवा अर्ज केला तरी ती पुन्हा नवी रांग असते.

दरम्यान अर्जदाराचेही वय वाढत असते. येणाऱ्या कुटुंबाचा भार सरकारवर पडू नये म्हणून त्याला ‘आधार प्रतिज्ञापत्र’ द्यावे लागते, ज्यात स्वतःचे आणि येणारे कुटुंब मिळून होणाऱ्या संख्येसाठीच्या दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के उत्पन्न दाखवायचे असते, आणि हे बंधन आलेली व्यक्ती नागरिक होईपर्यंत किंवा सुमारे दहा वर्षांच्या कामाची नोंद पूर्ण करेपर्यंत कायद्याने टिकते. अर्ज करताना चाळिशीत असलेला भाऊ नंबर लागेपर्यंत निवृत्त झालेला असल्याने दुसरा सहप्रायोजक शोधण्याची वेळ येते. तो मधल्या काळात वारला तर अर्ज रद्द होतो, आणि भारतात राहणाऱ्या कुटुंबाला मानवतेच्या कारणास्तव तो पुन्हा जिवंत करण्याची विनंती करण्यापलीकडे फारसा मार्ग उरत नाही.

नंबर लागल्यावरचे टप्पे मात्र चटकन उरकतात: पोलीस पडताळणीचे प्रमाणपत्र नागपूरच्या पारपत्र कार्यालयाच्या कक्षेतून, वैद्यकीय तपासणी आणि मुलाखत मुंबईत. तिकडे गेल्यास गावची जमीन हातची जाईल, ही भीती बहुतांशी निराधार आहे, कारण ग्रीनकार्ड घेतलेला माणूस भारताचाच नागरिक राहतो आणि सातबाऱ्यावरची जमीन स्वतःकडे ठेवू शकतो. अनिवासी झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेणे तेवढे त्याला बंद होते.

भावंडांचा हा वर्गच रद्द करावा अशी शिफारस बार्बरा जॉर्डन यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने १९९५ साली केली होती, आणि सिनेटने २०१३ साली संमत केलेल्या विधेयकातही तो संपवण्याची तरतूद होती, जे विधेयक प्रतिनिधिगृहात अडून राहिले. कॅनडाने भावंडाला थेट बोलावण्याची मुभा मुख्यतः १८ वर्षांखालील अनाथ भावंडांपुरती ठेवली असून, २०१७पासून तेथे राहणारे भावंड असल्यास कुशल स्थलांतराच्या गुणांकनात १५ गुण जास्तीचे दिले जातात. ही पद्धत अधिक प्रामाणिक म्हणावी लागते, कारण ती नात्याला मान देते पण दोन-तीन दशकांचे आश्वासन देत नाही.

अमेरिकेत बोलावण्याचा अर्ज ऑनलाइन ६२५ आणि कागदावर ६७५ डॉलरमध्ये होतो, नंबर लागल्यावर जायलाच हवे असे बंधन नसते, म्हणून ‘टाकून ठेवायला काय हरकत’ असे म्हटले जाते. हरकत एक आहे. पर्यटक व्हिसाच्या अर्जात आपल्यासाठी कोणी स्थलांतराचा अर्ज केला आहे काय, हा प्रश्न असतो आणि त्याचे खरे उत्तर देणे बंधनकारक असते. तात्पुरत्या व्हिसासाठी परत येण्याचा इरादा पटवून द्यावा लागत असल्याने ‘होय’ हे उत्तर भावाला पुतणीच्या लग्नाला जातानाही आडवे येऊ शकते. विद्यार्थी व्हिसालाही हीच कसोटी लागते, त्यामुळे काकांच्या अर्जातून वयाने गळलेला मुलगा स्वतःच्या गुणांवर तिकडे शिकायला निघाला, तर आईवडील तिकडे स्थायिक होत असताना तो मात्र शिकून परत येईल, हे मुंबईतील अधिकाऱ्याला पटवून देण्याची जबाबदारी त्याच्यावर येते.