निवतीच्या समुद्रात एक निवृत्त जहाज

घाटावरच्या आमच्या नेसरीहून कोकणात उतरायचे तर आजरा, आंबोली, सावंतवाडी ही ठरलेली वाट. घाट उतरला की बहुतेक गाड्या मालवण-तारकर्लीकडे वळतात. वेंगुर्ले तालुक्यातले निवती मधल्या मधे राहून जाते. छोटे बंदर, त्यावर झाडीत बुडालेला किल्ला, पलीकडे भोगव्याची लांबलचक पुळण आणि कर्ली नदीचे मुख. किल्ल्याच्या तटावरून स्वच्छ हवेत समुद्रात काळ्या खडकांचा पुंजका दिसतो. त्यांना इकडे निवती रॉक म्हणतात, नकाशात वेंगुर्ला रॉक्स. त्यावर दीपगृह आहे आणि कपारीतल्या गुहांत पाकोळ्यांची वसाहत आहे. या पाकोळ्या लाळेपासून घरटी बांधतात. परदेशात त्या घरट्यांचे सूप करतात, त्यामुळे एकेकाळी इथे त्यांची चोरी चाले. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने ती थांबवण्यासाठी बरीच खटपट केली.

याच खडकांजवळ भारतीय नौदलाचे एक निवृत्त जहाज मुद्दाम तळाला न्यायची योजना आहे. जहाजाचे नाव गुलदार.

गुलदार पोलंडमधल्या ग्डिनियाच्या गोदीत बांधले गेले आणि १९८५ च्या डिसेंबरअखेर नौदलात आले. लांबी सुमारे ८३ मीटर, वजन हजार टनांच्या वर. रणगाडे आणि सैनिक थेट किनाऱ्यावर उतरवणे हे त्याचे काम, म्हणून बूड उथळ आणि नाळेचे दार उघडणारे. बाकीची जहाजे वाळूला घाबरतात, हे वाळूवर चढण्यासाठीच जन्मलेले. १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला, चीता आणि कुंभीर या आपल्या भावंडांबरोबर, ते निवृत्त झाले. एरवी अशा जहाजाची वाट भंगाराकडे जाते. गुलदार महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाला मिळाले. फेब्रुवारी २०२५ मध्ये कारवारच्या नौदल तळावर त्याचे हस्तांतर झाले आणि तिथून ते विजयदुर्गला आणले गेले. पाण्याखालचे संग्रहालय, पाणबुडीतून सफर आणि मासे वाढावेत म्हणून कृत्रिम भित्तिका, म्हणजे तळावर मुद्दाम ठेवलेला टणक आसरा, असा तिहेरी बेत आहे. केंद्राने त्यासाठी ४६ कोटी ९१ लाख रुपये मंजूर केले आहेत.

पर्यटनाचे गणित सहज कळते. तारकर्लीत महामंडळाचीच स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे, दरवर्षी हजारो लोक तिथे पाण्यात उतरतात. पण लोखंडाच्या सांगाड्याने मासे कसे वाढणार?

उत्तर निवतीच्या जेटीवरच सापडते. ओहोटीला पाणी उतरले की एखादा जुना खांब निरखून पाहावा. वरच्या पट्ट्यात बोटाला खरचटणारे पांढरे बार्नकल, त्याखाली कालवांचे कडक थर, मधून हिरवे-तपकिरी शेवाळ, आणि फटीत शिरणारा नखाएवढा खेकडा. हाताने ओरबाडावे तर शेवाळाखालून इवलेसे किडे आणि कोळंबीची पिल्ले निसटतात. खांब रोवला तेव्हा यातले काही नव्हते. समुद्रात कालवे, स्पंज, प्रवाळ यांची पिल्ले पाण्याबरोबर तरंगत असतात आणि बसायला टणक जागा शोधत असतात. कोकणचा तळ बहुतांशी चिखल आणि वाळूचा, तिथे ती टिकत नाहीत. टणक काही मिळाले की चिकटतात. त्यांच्यावर चरायला बारीक मासे येतात, बारकांच्या मागे गोबरा, तांबोशी असे खडकाचे मासे. जहाजाच्या भिंतीला अडून प्रवाह वर वळतो, आडोसा तयार होतो, आतल्या खोल्या कपारींचे काम करतात.

मात्र जहाज आहे तसे बुडवून चालत नाही. तेल, वंगण, वायरी, सुटणारा रंग, जुने उष्णतारोधक सारे आधी काढावे लागते. दारे-भिंती कापून बुड्या मारणाऱ्यांना बाहेर पडायच्या वाटा ठेवाव्या लागतात. अमेरिकेने २००६ मध्ये ओरिस्कनी हे विमानवाहू जहाज फ्लोरिडाजवळ बुडवले, तेव्हा सर्वांत जास्त डोकेदुखी झाली ती त्याच्या वायरींमधल्या विषारी रसायनांची. त्याच फ्लोरिडात १९७० च्या दशकात वीस लाखांच्या आसपास जुने टायर समुद्रात टाकले होते, माशांना घरे मिळतील म्हणून. बांधणी सुटली, टायर वादळात फिरू लागले आणि जवळच्या खऱ्या प्रवाळांवर जाऊन आदळले. पुढे कित्येक वर्षे ते वर काढण्याचे काम चालले. समुद्रात कचरा टाकून त्याला चांगले नाव देण्याचा मोह जगभर आहे, आपल्याकडेही तो येणार नाही असे कोण सांगणार?

भारतात या कामाचा अनुभव आहे. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने तमिळनाडूच्या किनाऱ्यावर सिमेंटच्या त्रिकोणी आणि विहिरीच्या कड्यांसारख्या भित्तिका उतरवल्या. केरळात तिरुवनंतपुरमच्या किनाऱ्याला ४२ गावांसमोर ६,३०० भित्तिका उतरवण्याची योजना राबवली. मुंबईत वरळी कोळीवाड्यासमोर २१० भित्तिका गेल्या. या सगळ्यांत जहाज नाही, सिमेंट आहे. स्वस्त, गंजत नाही आणि हवे तिथे ठेवता येते. माझे मत विचाराल तर मासे हाच हेतू असेल तेव्हा सिमेंट बरे. जहाजाचे आकर्षण डोळ्यांसाठी आहे, आणि तेवढे कबूल करून टाकावे.

किनाऱ्यावरच्या मच्छीमारांचा विचार वेगळ्या अंगाने चालतो. सिंधुदुर्गात किनाऱ्यावरून जाळे ओढणारे रापणकर आणि लहान होड्यांचे गिलनेटवाले एका बाजूला, मोठ्या वेढा-जाळ्यांचे पर्सिनेटवाले आणि परप्रांतातले हायस्पीड ट्रॉलर दुसऱ्या बाजूला, असा संघर्ष वर्षानुवर्षे आहे. तळाशी पडलेले जहाज ट्रॉलरच्या जाळ्याला नकोसे, कारण जाळे त्यात अडकून फाटते. लहान होडीवाल्याला तो फायदाच. पण त्याच जागी पर्यटकांच्या बोटी फिरू लागल्या आणि मासेमारीला बंदी झाली, तर होडीवाला पुन्हा बाहेरच. मालवणच्या लोकांना हा धडा पाठ आहे. १९८७ मध्ये इथे सुमारे २९ चौरस किलोमीटरचे सागरी अभयारण्य जाहीर झाले आणि मच्छीमारांना विश्वासात घेतले नाही म्हणून ते बराच काळ कागदावरच आणि वादात राहिले. त्या अभयारण्यातले प्रवाळ मात्र खरे आहेत, निसर्गाने घडवलेले. गुलदारमुळे त्यांच्याकडचे लक्ष उडू नये.

नेसरी-चंदगड भागात या समुद्राशी आमचे नाते ताटापुरतेच. घाट चढून आलेला बांगडा बाजारात मिळतो, तेवढे पुरते. गावाजवळून वाहणारी घटप्रभासुद्धा उलटी पूर्वेला कृष्णेकडे निघून जाते, अरबी समुद्राचे तोंड पाहत नाही. इतिहास मात्र दोन्ही बाजूंना जवळजवळ आहे: १६६४ मध्ये खाली सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी, १६७४ मध्ये वर नेसरीच्या खिंडीत प्रतापराव गुजरांचा अखेरचा हल्ला. खिंडीतले स्मारक पाहून निवतीला उतरणाऱ्या सहली निघाल्या तर काही वावगे नाही. फक्त जून-जुलै टाळावेत. मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असतात आणि रॉककडे कोणी नेत नाही.

आणखी एक गोष्ट व्हायला हवी, तीही जहाज तळाला जाण्यापूर्वी. निवती रॉकभोवती आज कोणते मासे आहेत, किती मिळतात, कोणत्या महिन्यात मिळतात, याची नोंद संशोधकांनी इथल्याच होडीवाल्यांना सोबत घेऊन करावी. जहाजाजवळ मासे दिसले म्हणजे ते तिथे वाढले असे होत नाही. आजूबाजूचे गोळा झाले असतील, तर ते पकडणे उलट सोपे होते. आजचे आकडे हातात नसतील, तर पाच वर्षांनी गोबरा वाढला की फक्त एका जागी जमला, यावर प्रत्येक जण आपल्या सोयीचे बोलेल आणि खोडून काढायला कोणाकडेच काही नसेल.