पंचसरोवरांचें पाणी

अमेरिका व कॅनडा यांच्या सीमेवरील पांच महासरोवरांत जगांतील न गोठलेल्या, भूपृष्ठावरील गोड्या पाण्याचा सुमारें पांचवा हिस्सा आहे. परंतु दरवर्षीं त्याचा शेंकडा एकाहून कमी भाग नवा होतो. बाकीचें मुद्दल आहे, व्याज नव्हे.

१९९८ मध्यें ओंटारिओ प्रांतानें हें पाणी जहाजांतून आशियांत नेण्याचा परवाना एका कंपनीस दिला; ओरड होतांच तो रद्द झाला. पण एकानें दार उघडलें तर इतरांनीं राखून काय उपयोग? म्हणून ओंटारिओ, क्वेबेक व अमेरिकेचीं आठ राज्यें यांनीं २००५ मध्यें करार केला: अपवाद वगळतां खोऱ्याबाहेर पाणी न्यावयाचें नाहीं. अमेरिकन राज्यांस परराष्ट्राशीं तह करतां येत नाहीं. त्यामुळें प्रांतांशीं झालेला करार विश्वासावर चालतो. राज्याराज्यांमधील बंधन मात्र २००८ मध्यें कायदा झालें.

२०१६ मध्यें कसोटी लागली. विस्कॉन्सिनमधील वॉकिशॉ हें शहर खोऱ्याबाहेरचें. त्याच्या विहिरींच्या पाण्यांत रेडियम. आठही राज्यांनीं संमति दिली, पण वापरलेलें पाणी शुद्ध करून सरोवराकडे परत सोडण्याच्या अटीवर. २०२३ मध्यें तेथें सरोवराचें पाणी पोंचलें. शेजाऱ्याची तहान भागली आणि मुद्दलहि राहिलें.