गच्चीवर आधी पाचोळा चढवा

घरी भाजी लावायचं मनात आलं की पहिली चक्कर होते नर्सरीत. दोन कुंड्या, टोमॅटोची चार रोपं आणि 'ऑरगॅनिक' असं ठळक छापलेली मातीची पिशवी घेऊन माणूस खुशीत घरी येतो. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. रोपं सगळ्यात शेवटी यावीत. आधी घरातल्या ओल्या कचऱ्याची आणि रस्त्याकडेच्या पाचोळ्याची सोय लावावी.

गच्चीवाल्यांनी तर माती चढवण्याआधी वजनाचा हिशेब करावाच. ओली माती घनमीटरला दीड टनाच्या वर भरते. चौरस मीटरभर जागेत फूटभर जाडीचा वाफा केला, तर तो जवळपास 500 किलोंचा होतो. आपल्याकडच्या बांधकाम मानकात राहत्या इमारतीच्या वापरातल्या गच्चीसाठी चौरस मीटरला साधारण 150 किलो भार धरतात. सोसायटीच्या सेक्रेटरींची कुरकुर दर वेळी उगाच नसते! कुजवलेला पाचोळा मात्र वजनाला कितीतरी हलका, आणि पाणीही छान धरून ठेवतो.

हे ज्ञान आपल्या दारातलंच आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर मूळचे गणिताचे प्राध्यापक. 'प्रयोग परिवार' उभा करून त्यांनी शेतकऱ्यांना आपापल्या रानात प्रयोग करायला लावलं, आणि शहरातल्या माणसाला सांगितलं की पाचोळा, ओला कचरा आणि ऊन एवढ्या भांडवलावर गच्चीतही पीक येतं. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी याच वाटेने बाग फुलवली. खाली शेकडो माणसांचा स्वयंपाक, त्यातली देठं-सालं वर, आणि त्याचंच खत. त्याही आधी इंदूरला अल्बर्ट हॉवर्ड आणि यशवंत वाड यांनी कचऱ्यापासून तीन महिन्यांत खत करायची रीत बसवली होती. त्यावरचं त्यांचं पुस्तक 1931 सालचं. आज सोसायट्यांमधून चालणाऱ्या खताच्या टाक्यांमागचं तत्त्व तेच आहे: ओलं आणि सुकं यांचे थर, आत हवा, बेताचा ओलावा.

घरासाठी झाकणाची जुनी बादली पुरते. बुडाला आणि अंगाला भोकं पाडा, खाली ताटली ठेवा. तळाशी चार बोटं सुका पाचोळा, त्यावर रोजची सालं-देठं बारीक चिरून, आणि प्रत्येक वेळी त्यावर तितकाच किंवा दुप्पट चुरलेला पाचोळा. विरजण म्हणून आंबट ताक शिंपडलं तरी काम भागतं. तयार खताची ओंजळ मिळाली तर उत्तम. आठवड्यातून दोनदा खालीवर करा. मूठभर घेऊन दाबून पाहा: हात ओला व्हावा, पण धार लागू नये. वास सुटला तर समजा पाणी जास्त झालं किंवा हवा कमी पडली; औषधं आणू नका, पाचोळा वाढवा. उरलेलं वरण-भात, तेलकट भाजी, मासळीचे काटे सुरुवातीला तरी यात नकोत.

एक दिवस बादलीत चपट्या, मातकट रंगाच्या अळ्या वळवळताना दिसतील. बहुतेकांचं खतकाम इथेच बंद पडतं. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या असतात. कचरा फस्त करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मोठी झालेली माशी घरातल्या अन्नावर घोंगावत नाही. नकोच वाटल्या तर पाचोळ्याचा जाड थर द्या. दोन-तीन महिन्यांत बादलीतला माल काळा, भुसभुशीत होतो आणि पहिल्या पावसासारखा वास देतो.

बादली मुरत असताना ऊन पाहून घ्या. दिवाळीनंतर सूर्य दक्षिणेकडे कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या गॅलरीत ऊन थेट आतपर्यंत येतं. उत्तरेची गॅलरी मात्र हिवाळाभर कोरडीच. ऐन मे-जूनमध्ये सूर्य डोक्यावर आला की दक्षिणेचंही ऊन आटतं. टोमॅटो, मिरची, वांग्याला पाच-सहा तास ऊन हवंच. पालेभाजी तीन-चार तासांवर निभावून नेते. आणि जिथे ऊन जेमतेम येतं तिथे अळू किंवा पुदिना लावून मोकळं व्हावं.

पहिलं पीक मेथीचं घ्या, तेही डब्यातल्या मेथ्यांचं. रात्रभर भिजवून पेरल्या की तीन-चार दिवसांत अंकुर वर, महिन्याभरात भाजी. धने मात्र लाटण्याने हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. त्यांना उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि तोवर अनेकांचा धीर सुटतो. पेरायला फळांचा क्रेट किंवा जुनी गोणी चालते. निम्म्यापर्यंत पाचोळा दाबून भरा, वर खत आणि थोडी माती मिसळून चार-पाच इंचांचा थर. नुसतं कोकोपीट भरू नका, त्यात पाणी राहतं पण पोषण नावालाच. कुंड्या, क्रेट विटांवर टेकवा आणि गच्चीच्या पन्हाळीचं तोंड पाचोळ्याने बुजू देऊ नका, नाहीतर खालच्या मजल्यावर गळती.

थंडीत मावा येणारच. कोवळ्या शेंड्यांवर हिरवी-काळी दाटी दिसली की आधी पाण्याची जोरदार फवारणी करा. नाहीच हटला तर लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब, संध्याकाळी, पानांच्या खालूनसुद्धा. पण त्याआधी पान उलटं करून नीट बघा. काळपट, नारिंगी ठिपक्यांची, मगरीच्या पिल्लासारखी दिसणारी किडी तिथे फिरत असेल तर हात आवरा. ती ढालकिड्याची अळी. मावा हेच तिचं जेवण.

फाल्गुनात पानगळ जोरात असते. झाडलोट करणारे पाचोळ्याचे ढीग पेटवण्याआधी चार पोती भरून आणा आणि पावसाचं पाणी लागणार नाही अशा जागी रचून ठेवा. जून-जुलैत ओला कचरा चिघळायला लागतो तेव्हा सुकं पान शोधून सापडत नाही.