अंडाशयातील स्रावी गाठी

बायकांच्या दुखण्याविषयी चारचौघांत बोलू नये, असा आपल्याकडचा शिरस्ता. सातारा-सांगलीच्या श्रोत्यांपुढे हा विषय आम्ही मुद्दाम मांडतो, कारण या शिरस्त्यापायी दुखणे अंगावर काढले जाते आणि बरे होण्यासारखा रोग हाताबाहेर जातो.

अंडाशयाची कामे दोन: बीज पिकविणे आणि रक्तात अंतःस्राव सोडणे. बीजाभोवती पेशींचे दोन थर असतात. बाहेरचा थर पुरुषी गुणाचा स्राव तयार करतो. आतला थर त्याचेच रूपांतर स्त्रीस्रावात करतो. या आतल्या थराच्या पेशी बेसुमार वाढल्या, की 'ग्रॅन्युलोसा' पेशींची गाठ होते. व्हिएन्नाच्या रोकिटान्स्कीने तिचे वर्णन १८५५ साली केले. अंडाशयाच्या कर्करोगांत हिचे प्रमाण शंभरांत दोन ते पाच इतकेच.

मात्र ही गाठ स्वतःची चाहूल देते. पन्नाशीच्या पुढे, पाळी बंद झालेल्या बाईला पुन्हा रक्तस्राव होतो. घरात म्हणतात, 'पाळी परत आली.' श्रोतेहो, वर्षभर बंद असलेली पाळी परत येत नसते. त्या रक्तस्रावाचे कारण प्रत्येक वेळी ही गाठ नसेल. पण तपासणी प्रत्येक वेळी झाली पाहिजे. क्वचित आठ वर्षांच्या आतील मुलीलाही अशी गाठ होते आणि अकाली वयात येण्याची चिन्हे दिसतात.

दुसरी गाठ सर्टोली-लायडिग पेशींची. ती बहुधा पंचविशीच्या आसपास आढळते आणि पुरुषी स्राव सोडते. पाळी थांबते, हनुवटीवर राठ केस येतात, आवाज घोगरा होतो. चेहऱ्यावरील केसांचे कारण बहुतेक मुलींत निराळे व साधे असते. परंतु काही महिन्यांतच असा पालट झाला, तर मुलीला नावे न ठेवता तिला डॉक्टरांकडे न्यावे.

निदानास सोनोग्राफी, रक्तातील स्रावांचे मापन आणि इन्हिबिन या द्रव्याची तपासणी उपयोगी पडते. स्त्रीस्रावाच्या अतिरेकाने गर्भाशयाचे अस्तर जाड होते, काहींत तेथेही कर्करोग होतो. म्हणून अस्तरही तपासतात. मुख्य उपचार शस्त्रक्रिया. गाठ न फोडता अखंड काढावी लागते. मूल हवे असलेल्या तरुणीचे रोगी अंडाशयच काढून गर्भाशय व दुसरी बाजू बहुधा राखता येते. वयस्क स्त्रीचे दोन्ही अंडाशय व गर्भाशय काढतात. रोग पसरला असल्यास औषधे देतात. त्यांपैकी सिस्प्लॅटिनचा गुण अमेरिकेत रोझेनबर्ग यांच्या प्रयोगशाळेत १९६५ साली अनपेक्षितपणे उमगला.

बहुतेक गाठी अंडाशयापुरत्या असतानाच सापडतात आणि रोगी बरा होतो. परंतु ग्रॅन्युलोसा गाठ दहा-वीस वर्षांनीही उलटते. म्हणून जुने कागद जपावेत व तपासणी चुकवू नये.

या मुलखाला शस्त्रक्रियेचे वावडे नाही. डॉ. वॉन्लेस यांनी मिरजेत १८९४ साली रुग्णालय काढले. १९६२ साली तेथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आले. मुंबईचे टाटा रुग्णालय तर १९४१ पासूनचे. सोय आहे, अडते ते घरात. सासूबाईंनी सुनेला आणि आईने लेकीला एवढे विचारले, तरी निम्मे काम झाले.