बाळ पोटात येण्याआधी

बाळाची तब्येत कधीपासून घडते? पाळण्यात पडल्यापासून? नाही. आईच्या पोटात असल्यापासून, आणि थोडी त्याच्याही आधीपासून.

चुलीचा धूर, प्यायचे पाणी, फवारणीचे औषध, ताटातले अन्न, अंगमेहनत, असा जन्मभराचा सगळा हिशेब शास्त्रज्ञ आता एकत्र मांडतात. २००५ साली क्रिस्टोफर वाइल्ड यांनी त्याला 'एक्स्पोझोम' म्हटले. नाव अवघड, गोष्ट मात्र आपल्या घरातली.

पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत असाच अभ्यास केला. दिवस जाण्याआधीच बायांची वजने-मापे घेतली, पुढे त्यांची मुले मोठी होईपर्यंत तपासली. पालेभाज्या व फळे वरचेवर खाणाऱ्या आयांची बाळे वजनाने चांगली भरली. गरोदरपणी जड कामे करणाऱ्यांची हलकी.

डहाणू तालुका सरकारने १९९१ साली पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला. पण तो नियम कारखान्यांसाठी. घरातल्या चुलीवर लक्ष ठेवणारे तुम्हीच. धुरातला विषारी वायू आईच्या रक्तात शिरला, की बाळाला प्राणवायू कमी पडतो. चूल मोकळ्या हवेत घ्या. आणि पुरुषमंडळींनो, चिकूच्या वाडीत फवारणी केलीत तर आंघोळ करून, कपडे बदलूनच मुलाबाळांत या. ते कपडे गरोदर बायकोला धुवायला देऊ नका, स्वतः धुवा.

दोन मुलांत तीन वर्षांचे अंतर ठेवले तर आईचे अंग भरून येते. पुढचे बाळ हवे असे दोघांनी ठरवले, की लगेच नर्सबाईंकडे फोलिक ॲसिडच्या गोळ्या मागा. बाळाचा मेंदू व कणा पहिल्या महिन्यातच आकार घेतो, तेव्हा दिवस गेल्याचे पुष्कळदा कळलेलेही नसते.